दोन हजार बापांची वाट

सिद्धेश्वरीचा फोन आला तेव्हा गुरम्माला आधी वाटलं, चुकून लागला असेल. भावाच्या घरून फोन येण्याची सवय तिच्या कानांना उरलीच नव्हती.

"आत्या, मी बसूची बायको बोलते," पलीकडचा आवाज जरा घाईत होता. "रविवारी बारसं हाय. दुसरीबी मुलगीच झाली. ह्यांना सख्खी बहीण न्हाई की. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या पाहिजे. तुमी या."

"बसूनं सांगितलं का बोलवायला?"

"नको म्हणाले न्हाईत," सिद्धेश्वरी म्हणाली.

एवढं गुरम्माला पुरलं. चोविसाव्या वर्षी तिनं मल्लेशमशी लग्न केलं होतं. तिचं घर कानडी लिंगायत, तो तेलुगू विणकरांच्या घरातला, यंत्रमागावर टॉवेल विणणारा. त्या दिवशी तिच्या भावानं, शिवलिंगप्पानं, दाराची आतली कडी लावली होती, ती पस्तीस वर्षं निघाली नाही. आता शिवलिंगप्पा बहात्तरचा. त्याला हल्ली काही आठवत नाही, असं मंडईत कुणी कुणी सांगायचं. गुरम्मा ऐकून घ्यायची आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची.

रविवारी ती आणि तिची मुलगी उत्कर्षा रिक्षातून जुळे सोलापूरला, भावाच्या घरी, निघाल्या. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा नुकतीच संपली होती, रस्त्यात पाळण्यांचे लोखंडी सांगाडे ट्रकवर चढत होते. उत्कर्षाच्या पर्समध्ये तीन पांढरी पाकिटं होती. प्रत्येकात एक लांब कापसाची काडी.

उत्कर्षा हैदराबादला एका प्रयोगशाळेत काम करत होती. माणसं मुळात कुठून निघाली, कुठल्या वाटेनं कुठं पोचली, हे ती लोकांच्या गालाच्या आतल्या ओलीतून शोधायची. सोलापूर भागातल्या शंभर घराण्यांचे नमुने तिला गोळा करायचे होते. वडिलांचा तिनं दोन वर्षांपूर्वीच घेतला होता. आईच्या वडिलांच्या घराण्याचा राहिला होता.

"माझ्या गालातनं घे की," गुरम्मा तेव्हा म्हणाली होती. "मी काय अप्पांची कुणी न्हाई का?"

"तुझ्यात अप्पांचं पुष्कळ आहे अम्मा. पण मला हवा असलेला धागा फक्त बापाकडून मुलाकडे जातो. मुलीत तो उतरत नाही."

हे ऐकल्यापासून गुरम्माला चैन नव्हतं. घर तुटलं ते तुटलंच, पण अप्पांची ती एक खूण आपल्या अंगातही नाही, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. चुलीवर दूध ठेवलं की ती त्यावरच्या सायीकडे बघत राहायची आणि दूध उतू जायचं. अप्पा गेल्यावर त्यांचा धागा आता दोनच माणसांत उरला होता. एक अण्णा, तिचा भाऊ. दुसरा त्याचा मुलगा बसू.

"मागायचं का गं आजच?" रिक्षात तिनं विचारलं.

"बारशाला चाललोय आपण," उत्कर्षा म्हणाली. "विषय निघाला तरच. आणि नाही म्हणाले तर नाही. जबरदस्तीनं घेतलेला नमुना मला चालत नाही, कागदावर सही लागते."

---

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं. आतून हुग्गीचा, गहू-गुळाचा, वास येत होता. गुरम्माचे पाय उंबऱ्याशी थांबले. भाऊ ओरडेल, याची तिनं तयारी केली होती. ओळखणारच नाही, याचीही केली होती.

शिवलिंगप्पा खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कुणीतरी नीट ओढून दिलेले. त्यानं मान वर केली आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

"बा, तंगी, बा," तो कानडीत म्हणाला. ये, धाकटे, ये. लहानपणी तो तिला असंच बोलवायचा. "किती वेळ लावलास गं गुरी? अव्वा कुटाय?" केव्हाच गेलेल्या आईबद्दल तो विचारत होता.

गुरम्मा उंबरा ओलांडून आत आली. ती त्याच्या पायाशी खाली बसली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि केसांतून बोटं फिरवली, जणू शाळेतून आलेल्या मुलीच्या वेण्या विस्कटल्यात का ते बघत होता.

"अव्वा येतीय," ती शेवटी म्हणाली. "मागनं येतीय."

"तर मग," तो समाधानानं म्हणाला.

दाराशी बसू उभा होता. सदतीस वर्षांचा, अंगानं थेट शिवलिंगप्पासारखा, तशाच रुंद भुवया. त्यानं हे सगळं पाहिलं. "या," एवढंच म्हणाला आणि आत निघून गेला.

पाळणा झेंडूनं सजवला होता. गुरम्मानं बाळाला हातात घेतलं तेव्हा ते झोपलेलं होतं, ओठ मात्र दूध पीत असल्यासारखे हलत होते. सिद्धेश्वरीनं नाव हळूच सांगितलं. गुरम्मानं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं आणि म्हणाली, "वचना." बायकांनी तिच्या पाठीवर धबाधबा बुक्क्या मारल्या, तशी रीतच असते, आणि गुरम्मा त्या प्रत्येक बुक्कीसरशी हसत गेली. अशा बुक्क्या खायला माहेर लागतं.

जेवणं झाली. पाहुणे घुगऱ्या चघळत सतरंजीवर रेलले. खिडकीतून दुपार आत येत होती, संथ, ताकासारखी पांढुरकी. शेजारच्या फ्लॅटमधले रावजी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, यांनी उत्कर्षाला विचारलं, "तू काय करतीस बाळ?"

उत्कर्षानं आईकडे पाहिलं. मग सांगितलं.

"प्रत्येक पुरुषात एक लांबलचक मजकूर असतो काका, कोट्यवधी अक्षरांचा. बाप मुलाला त्याची नक्कल देतो. मुलगा त्याच्या मुलाला. नक्कल करताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. मग ती चूक त्या मुलाच्या पुढच्या सगळ्या मुलांत, नातवांत उतरत राहते. कुणात कुठल्या चुका आहेत ते जुळवलं की कोण कुणापासून कधी वेगळं झालं ते कळतं. मागे मागे गेलं की सगळ्यांची वाट आफ्रिकेत पोचते. तिथून साधारण साठ हजार वर्षांपूर्वी काही माणसं बाहेर पडली. त्यांचीच आपण."

"साठ हजार," रावजी म्हणाले. "पिढ्या किती व्हत्यात?"

"तीस वर्षांची एक धरली तर दोन हजार."

"बस? दोनच हजार?"

"दोनच हजार बाप. एकामागं एक, मीटरभर अंतरावर उभे केले तर रांग दोन किलोमीटरची."

"म्हंजे हितनं निघालेली रांग सोरेगावच्या अलीकडंच संपली की!" रावजींनी गुडघ्यावर थाप मारली. "आफ्रिकेला जायला सोरेगावचंबी तिकीट लागंना!"

सगळे हसले. गुरम्मानं खिडकीबाहेर पाहिलं. खाली विजापूर रोडकडे जाणारा रस्ता उन्हात झोपल्यासारखा पडला होता आणि तिला वाटलं, तिथं माणसं उभी आहेत. पहिले अप्पा, धोतराचा सोगा हातात धरून. त्यांच्यापुढे त्यांचे अप्पा, ज्यांना तिनं फक्त नावानं ओळखलं होतं. त्यांच्यापुढे कुणी, ज्यांचं नावही कुणाला ठाऊक नाही. मग घोंगडी पांघरलेले, मग कातडी गुंडाळलेले, मग उघडे. सगळ्यांच्या भुवया रुंद. कुणीच मागे वळून बघत नव्हतं.

"मग हिचं काय?" सिद्धेश्वरीनं विचारलं. बाळ तिच्या मांडीवर होतं. "हिच्यात हिच्या अज्जाचं कायच न्हाई?"

"खूप काही आहे वहिनी. ही एक नक्कल सोडून बाकी सगळीकडे आहे. आणि बायकांचा वेगळा धागा असतो, आईकडून येणारा. बायका काय घरी नव्हत्या बसल्या. त्याही चालतच आल्या, पोटात पोरं घेऊन."

"तेच म्हटलं," सिद्धेश्वरी म्हणाली आणि बाळाचं झबलं सारखं करू लागली.

रावजींनीच मग ते बोलून दाखवलं. "मग ह्या घरचं बघितलंस का? मामा हाय की हितंच. आणि बसू हाय."

उत्कर्षा अवघडली. "बसूदादाची हरकत नसेल तर. दोन मिनिटांचं काम आहे. गालाच्या आतून काडी फिरवायची."

बसू भिंतीला टेकून उभा होता. त्याचा आवाज चढला नाही, पण खोलीतलं ऊन कुणीतरी पडद्याआड केल्यासारखं झालं. "म्हणजे आमच्या घराण्याचं काम पडलं होय तुम्हाला. म्हटलं, बोलावल्यावर लगेच कशा आल्या."

"बसू, मी नाव ठेवायला आले," गुरम्मा म्हणाली. "खोटं कशाला बोलू, हेबी मनात हुतं. दे म्हणत न्हाई मी. विचारतीय."

"नाही देणार."

"माझं घे की!" शिवलिंगप्पा एकदम खुर्चीतून म्हणाला. त्याला बरंच ऐकू गेलं होतं. "थुकीच पाहिजे ना गुरी? किती पाहिजे?" आणि त्यानं डॉक्टरपुढे उघडावं तसं मोठं तोंड उघडलं, डोळे मिटून घेतले आणि थांबून राहिला.

उत्कर्षाचा हात पर्सवर होता, तो तिनं काढून घेतला. गुरम्मा भावाच्या त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. मागचे तीन-चार दात पडले होते. एक काडी, दोन मिनिटं, आणि अप्पांपासून मागे साठ हजार वर्षं.

"बाबा, मिटा तोंड," बसू म्हणाला. तो पुढे येऊन बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. "आत्या, तुम्हीच सांगा. हे शुद्धीवर असते तर दिलं असतं त्यांनी?"

"न्हाई," ती म्हणाली. "दिलं नसतं. अण्णाचं नको घेऊस उत्कर्षा."

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण बसूच्या आत जे साठलं होतं ते आता आवरेना. "अज्जा, म्हणजे तुमचे अप्पा, गेले त्या सकाळी बाबा तुमच्या दारात उभे होते. सगळा राग गिळून. हाका मारत होते. तुम्ही बाहेर आला नाहीत. मी होतो सायकलवर पुढं बसलेला. आठ वर्षांचा होतो, पण डोळे होते की मला."

"माझ्या दारात?" गुरम्मा उठून उभी राहिली. "कोण आलं न्हाई रे माझ्या दारात. तिसऱ्या दिवशी कळलं मला, मंडईत, एका भाजीवालीकडनं. अप्पांची माती झाल्यावर."

"मी होतो म्हणतोय ना!"

बाळ दचकून रडू लागलं. सिद्धेश्वरी त्याला घेऊन आत गेली. पाहुण्यांना एकाएकी घरची कामं आठवली. चपला शोधणं, निरोप घेणं, लिफ्टचं दार सारखं उघडणं-मिटणं. गुरम्मा त्या गडबडीत सतरंजीच्या कडेला बसून राहिली. तिची सगळी वर्षं 'मला कळवलं नाही' या एका वाक्यावर उभी होती, आणि समोरचा हा मुलगा 'ती बाहेर आली नाही' या वाक्यावर वाढला होता. दोघांतलं कुणी खोटं बोलतंय असं तिला वाटेना.

गर्दी ओसरल्यावर सिद्धेश्वरी बाहेर आली आणि म्हणाली, "मामा कुटायत?"

खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती.

---

गच्ची बघितली, जिना बघितला. खालचा वॉचमन म्हणाला, पाहुण्यांबरोबरच गेले आजोबा, मला वाटलं सोडायला चाललेत. बसूनं हेल्मेट न घालताच मोटारसायकल काढली आणि सात रस्ता चौकाच्या दिशेनं गेला, कारण मागच्या वेळी शिवलिंगप्पा तिथं सापडला होता. उत्कर्षा बागेकडे धावली.

गुरम्मा रस्त्यावर उभी राहिली. ऊन कलत होतं. 'अव्वा कुटाय' असं विचारणारा माणूस कुठं जाईल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. भीमेकाठी, त्यांच्या गावाला, भंडारकवठ्याला. लहानपणी शहरातून गावाकडे याच रस्त्यानं बैलगाडी जायची. तिनं रिक्षाला हात केला.

"विजापूर रोडनं चल. हळू चल. म्हातारा माणूस दिसला की थांबव."

तो सोरेगावच्या पुढे सापडला. डांबरी रस्ता सोडून बाजूच्या मातीच्या वाटेनं चालला होता, एका लयीत, हात पाठीमागे बांधून, घाई नाही आणि थकवाही नाही. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याइतकी उभी होती. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या आणि त्यांची धूळ उतरत्या उन्हात सोनेरी होऊन हवेतच थांबून राहत होती.

गुरम्मानं बसूला फोन करून जागा सांगितली, रिक्षा सोडली आणि पावलं उचलून त्याच्या शेजारी आली. त्याला धरून मागे वळवावं, असं तिला वाटलं नाही. ती त्याच्या चालीनं चालू लागली.

"कुटं निघालास अण्णा?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. सकाळची ओळख डोळ्यांत राहिली नव्हती. "भंडारकवठ्याला. तू कोण गं बाई?"

"मीबी तिकडचीच."

"मग चल. अप्पा पुढं गेल्यात."

"मला दिसत न्हाईत."

"ते काय, लिंबाच्या पल्याड. त्यांच्या म्होरं त्यांचे अप्पा. लई माणसं हायत आज."

गुरम्मानं बघितलं. सूर्य थेट समोरून डोळ्यांत येत होता, धूळ आणि कणसं आणि ऊन सगळं एक झालं होतं. त्या उजेडात काहीतरी हलत होतं, पुढे पुढे सरकत होतं. ज्वारीच असणार. पण ती थोडा वेळ तशीच बघत राहिली, आणि तो थोडा वेळ तिला बरा वाटला. आपल्यात तो धागा नसेना का, वाट तर हीच आहे, आणि आपण हिच्यावरून चालतोय, हे तिच्या मनात येऊन गेलं.

मागे मोटारसायकलचा आवाज आला आणि बंद झाला. बसू गाडी ढकलत मागून येत होता. गुरम्मानं मागे न बघता हातानंच खूण केली, थांब, बोलू नको.

"एक काम राहून गेलं बघ," शिवलिंगप्पा म्हणाला.

"कुठलं?"

"अप्पा गेले, हे गुरीला सांगायचं."

गुरम्माचा पाय अडखळला. "गुरी कोण?"

"धाकटी बहीण माझी. साखर पेठेच्या पलीकडं दिली... दिली कसली, गेली आपली आपण." तो थोडा हसला. "अप्पा शेवटी तिचंच नाव घेत हुते. मग गेलो सायकलवर. पोराला पुढं बसवलं. तिच्या दारात उभा राहिलो. आत माग चालू. खटाखटा, खटाखटा. हाक मारली. एकदा मारली, दोनदा मारली. माझीच हाक मला ऐकू येईना."

"मग आत का न्हाई गेलास?"

तो चालत राहिला. चप्पल मातीत फटफट वाजत होती.

"आत गेलो असतो तर रडलो असतो की," तो म्हणाला. "पोरगं बघत हुतं."

"पोराला काय सांगितलंस मग?"

"सांगितलं, ती येत न्हाई म्हून." त्यानं मान हलवली. "दुसरं काय सांगणार पोराला?"

बसूची गाडी मागे थांबली. गुरम्मा वळली. बसू दोन्ही हातांनी हँडल धरून उभा होता आणि त्याच्या तोंडावर तो आठ वर्षांचा मुलगा स्पष्ट दिसत होता, सायकलच्या दांडीवर बसून बापाकडे वर बघणारा.

"बसू," ती म्हणाली, "त्या दिवशी मी मागच्या खोलीत सुताच्या कांड्या भरत हुते. उत्कर्षा पोटात, सातवा महिना. समोर सहा माग चालू. माग चालू असले की कानाला तोंड लावून वरडलं तरी कळत न्हाई रे. आमी हातानं बोलतो तितं. अण्णा दारात येऊन उभा राहिला आणि मी आत हुते, हे मला आत्ता कळतंय. आत्ता, हितं."

बसूनं गाडी स्टँडवर लावायला दोन वेळा पाय मारला, तो नीट बसेना. "मला वाटायचं," तो म्हणाला आणि थांबला. "रोज शाळेत जाताना तुमची गल्ली लागायची आत्या. मी तोंड फिरवून जायचो."

"मला ठाऊक हाय. मी बघायची की तुला."

शिवलिंगप्पा पुढे गेला होता. दोघं त्याला गाठायला निघाले. बसूनं बापाला मागे फिरवलं नाही. गाडी तिथंच सोडून तो त्याच्या एका बाजूला चालू लागला, गुरम्मा दुसऱ्या. तिघं बरंच अंतर चालले. कुठंतरी पाखरं हाकणाऱ्या बाईनं पत्र्याचा डबा वाजवला आणि चिमण्यांचा एक थवा ज्वारीतून उठून पुन्हा ज्वारीतच बसला.

एका मोरीपाशी शिवलिंगप्पा थांबला आणि कठड्यावर बसला. धापा टाकत होता.

"दमलास का बाबा?" बसूनं विचारलं. एरवी तो बापाला अहोजाहो करायचा.

"मी थांबतो हितंच," शिवलिंगप्पा समोर बघत म्हणाला. "त्यांना जाऊ दे म्होरं. त्यांना चालायची सवय हाय."

---

घरी आल्यावर बसूनं हातपाय धुतले आणि उत्कर्षासमोर येऊन बसला. "दे ती काडी."

"घाई नाही दादा. उद्या विचार करून सांग."

"विचार झालाय. घुगऱ्या खाल्ल्यात, चालेल?"

"चूळ भरून ये. अर्धा तास थांबावं लागेल."

तो अर्धा तास घरातली सगळी माणसं उगाचच बसून राहिली, जणू चुलीवर काहीतरी शिजत होतं. मग बसूनं कागद वाचला, सही केली आणि तोंड उघडलं. उत्कर्षानं एका गालातून काडी फिरवली, मग दुसऱ्या. गुरम्मा बघत होती. भावाकडून तिनं जे घेतलं नव्हतं ते आता त्याच्या मुलाच्या तोंडातून पाकिटात गेलं आणि उत्कर्षानं त्यावर आकडा लिहिला, नाव नाही.

"नाव का न्हाई?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"तिथं सगळ्यांना आकडेच असतात वहिनी."

"मग हे आमचेच म्हून कसं कळायचं?"

"मला ठाऊक आहे ना," उत्कर्षा म्हणाली.

---

अहवाल एप्रिलमध्ये आला. सोलापूर तव्यासारखं तापलं होतं. गुरम्मा आता दर गुरुवारी जुळे सोलापूरला जायची, शिवलिंगप्पाला भाकरी कुस्करून भरवायची आणि संध्याकाळी परतायची. तो तिला कधी गुरी म्हणायचा, कधी अव्वा, कधी काहीच नाही. मार्चपासून काहीच नाहीचे दिवस वाढले होते. मल्लेशम एकदा तिच्याबरोबर आला आणि शिवलिंगप्पाच्या शेजारी तासभर बसला. जाताना मल्लेशमनं घरच्या मागावरचा एक टॉवेल खुर्चीच्या पाठीवर ठेवला, तो नंतर शिवलिंगप्पा कुणाला धुवायलाही देईना.

त्या गुरुवारी उत्कर्षानं हैदराबादहून फोन केला. बसूनं तो स्पीकरवर टाकून मध्ये ठेवला. बाळ पालथं पडून सतरंजीवरचा एक दोरा उपसत होतं.

"फार जुनी शाखा आहे," उत्कर्षाचा आवाज म्हणाला. "आपल्याकडे दक्षिणेत बरीच सापडते. आफ्रिकेतून निघालेली माणसं हळूहळू सरकत आली. एका पिढीत दोन-तीन कोस, कधी तेवढीही नाही. अरबस्तानाच्या कडेनं, समुद्राच्या बाजूनं आली असतील, असं आम्हाला वाटतं, अगदी खात्री नाही. पण आपली शाखा या देशात आली ती चाळीस हजार वर्षांच्या आसपास. आणि मग बहुतेक इथंच, दख्खनमध्ये राहिली."

"चाळीस हजार वर्षं हितंच?" बसू म्हणाला. "मग आम्ही लिंगायत कधी झालो, कानडी कधी झालो?"

"ते फार अलीकडचं दादा. लिंगायत रांगेतली शेवटची तीसेक माणसं, कानडी फार तर शंभर."

गुरम्मानं ऐकून घेतलं. ती भावाजवळ सरकली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला सगळं पुन्हा सांगू लागली, सोप्या शब्दांत, अव्वा झोपताना गोष्ट सांगायची तसं. लई लांबनं निघाली माणसं, अण्णा. समुद्राच्या कडंकडंनं. एकाचं पोरगं पुढं गेलं, त्याचं पोरगं अजून पुढं गेलं. कुणालाच ठाऊक न्हाई कुटं चाललोय ते. अशी चालत चालत आली, आणि मग आपल्या अप्पांपर्यंत आली.

शिवलिंगप्पा ऐकत होता की नव्हता, कळत नव्हतं. टॉवेलची कड बोटांत धरून तो समोर बघत होता. मग त्याचे ओठ हलले.

"एवढ्या लांबनं," तो म्हणाला. "वाटंत पाणी कुटं लागलं त्यांना?"

अहवालात तसलं काही नव्हतं. गुरम्मानं बसूकडे पाहिलं.

बसू बापासमोर उकिडवा बसला. "नदीकाठानं आली असतील बाबा," तो म्हणाला. "नर्मदा लागली असेल. मग गोदावरी लागली. मग सीना. मग आपली भीमा."

शिवलिंगप्पानं एकेक नाव मनात मोजल्यासारखी मान हलवली.

"मग वाट बरोबर हाय," तो म्हणाला.